मदत हवी आहे : पणजोबांच्या कॉलेजखर्चाची वही

नमस्कार मंडळी. पंचवटीतल्या आमच्या जुन्या घरात पणजोबांची खर्चाची वही सापडली. साल 1911-12, तेव्हा ते पुण्यात फर्ग्युसनला होते. नाशिकला स्वतःचं कॉलेज 1924 साली आलं, म्हणजे त्याआधी शिकायचं तर पुणे-मुंबई गाठण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

वही मोडी लिपीत आहे. ओळखीच्या एका काकांनी थोडी वाचून दिली: खानावळ, दिव्याचं तेल, धोबी, टाक-शाई, घरी धाडलेली कार्डं. एका पानावर ‘परीक्षा फी’ आणि त्याखाली ‘आईची पाटली गहाण’. ते वाचल्यापासून मन लागत नाही. पुढचे तीन महिने खानावळीचा खर्चच नाही. वार लावून, म्हणजे रोज वेगळ्या घरी, जेवत असतील का?

रुपयांपुढे आणे उभ्या-आडव्या रेघांत मांडलेत, ते आम्हाला उलगडत नाहीत. 16 आण्यांचा रुपया, एवढंच ठाऊक. नाशिकमध्ये हिशेबाची मोडी वाचणारं कुणी आहे का? आणि मुंबई विद्यापीठाची (फर्ग्युसन तेव्हा त्यालाच जोडलेलं होतं) त्या वर्षांची कॅलेंडरं, म्हणजे वार्षिक माहितीपुस्तकं, कुठे पाहायला मिळतील? परीक्षेची फी त्यात छापलेली असे. सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) कुणी पाहिलीत का? पानांचे फोटो लगेच पाठवते.