पावसाळ्यात इंकजेट प्रिंटर कधी एकदम तीन कागद ओढतो, तर कधी एकही नाही

निवृत्त शिक्षक (चिपळूण)

नमस्कार. माझ्याकडे चार वर्षांपूर्वी घेतलेला, शाईच्या टाक्या असलेला घरगुती इंकजेट प्रिंटर आहे. त्यात कागद मागच्या उभ्या ट्रेमधून घातला जातो. वाडीतल्या आठ-दहा मुलांसाठी मी आठवड्याला गणिताच्या सरावपत्रिका छापतो, म्हणजे साधारण तीस-चाळीस पाने होतात. उन्हाळ्यापर्यंत काही तक्रार नव्हती. मात्र पाऊस लागल्यापासून यंत्र एका वेळी दोन-तीन कागद ओढते, आणि दुसऱ्याच क्षणी ट्रेमध्ये गठ्ठा असूनही नुसता घरघर आवाज करून ‘कागद संपला’ असा संदेश देते. कधी कागद जातो, पण तिरका जातो, आणि समास डावीकडे वर चढलेला दिसतो. परवा तर कागद आत अडकून चुरगळला आणि ओढताना फाटला.

दुरुस्ती करणाऱ्यास दाखवले असता त्यांनी प्रिंटर न उघडताच रोलरचा संपूर्ण संच बदलावा लागेल असे सांगितले. मी बहुतेक पाठकोरे कागद वापरतो, म्हणजे जुन्या चाचण्यांच्या कोऱ्या बाजूवर छापतो, हेही येथे नमूद करतो. एकाच रोलरमुळे जास्त कागद येणे आणि अजिबात न येणे, असे दोन उलट दोष कसे उद्भवू शकतात, हे मला उमगत नाही. खर्च करण्यापूर्वी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खटपट्या

सर, आपल्या प्रश्नातच उत्तराचे टोक आहे. कागद ओढण्याची क्रिया तीन घर्षणांच्या तोलावर चालते. रबरी रोलर आणि वरचा कागद यांच्यातील घर्षण सर्वांत जास्त असावे लागते. रोलरसमोरची छोटी पट्टी, जिला सेपरेशन पॅड म्हणतात, तिचे कागदाशी घर्षण त्याहून कमी, आणि दोन कागदांचे एकमेकांशी घर्षण सर्वांत कमी. हा क्रम टिकला तर रोलर एकच कागद पुढे नेतो आणि पॅड त्याच्या मागच्याला अडवून धरतो. कागद दमट झाले की ते एकमेकांना चिकटू लागतात, पॅडची पकड अपुरी पडते आणि दोन-तीन एकत्र जातात. याउलट रोलरवर कागदाचा भुगा बसला किंवा त्याचे रबर गुळगुळीत होऊन चकाकू लागले, की पकड सुटते आणि तो जागच्या जागी फिरत राहतो. म्हणजे आपल्याकडे दोष बहुधा एक नसून दोन आहेत: एक कागदाचा आणि दुसरा रोलरच्या स्वच्छतेचा.

म्हणून प्रथम कागद आणि यंत्र यांना वेगवेगळे तपासावे. न उघडलेले नवीन रीम आणावे, त्यातले दहाच कागद काढून लगेच ट्रेमध्ये ठेवावेत आणि एकेक पान छापून काय होते ते वहीत लिहावे. दहाही नीट गेले तर रोलर बदलण्याचे कारण उरत नाही. नव्या कागदालाही रोलर घसरत असेल तर तो पुसावा. त्यासाठी प्रिंटर बंद करून वायर काढावी, मऊ, धागे न सुटणारे सुती कापड साध्या स्वच्छ पाण्यात भिजवून घट्ट पिळावे आणि रोलर बोटाने फिरवत त्याचा सगळा घेर पुसावा. काही प्रिंटरांत हा रोलर पूर्ण गोल नसतो, एका बाजूने सपाट असतो. तिथे फक्त समोर दिसणारा भाग पुसून काम भागत नाही. पॅडही त्याच कापडाने पुसावा आणि सर्व वाळल्यावरच कागद घालावा. पुष्कळ प्रिंटरांच्या देखभालीच्या मेनूत रोलर स्वच्छ करण्याची सोय असते, तीही दोन-तीनदा चालवून पाहावी.

जुना तंत्रज्ञ (नागपूर)

वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. पुष्कळ जण रोलर पुसायला स्पिरिट वापरतात. एखाद्या वेळी शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरल्याने फारसे बिघडत नाही, पण ते वारंवार लावल्यास काही रबरे कोरडी पडून कडक होतात, आणि औषधांच्या दुकानातील स्पिरिटमध्ये काही वेळा तेलकट द्रव्य मिसळलेले असते, जे रोलरवर नकोच. पॉलिश पेपरने रबर घासून खरखरीत करण्याचा उपायही काही जण सुचवतात. त्याने आठवडाभर बरे वाटते, पण रोलरचा घेर असमान होऊन कागद कायमचा तिरका जाऊ लागतो. मी स्वतः हा मूर्खपणा एकदा करून बसलो आहे.

अडकलेल्या कागदाविषयी सांगायचे तर तो एका हाताने हिसकू नये. प्रिंटर बंद करून, मागचे झाकण किंवा कागद उलटवणारा भाग निघत असेल तर तो काढून, कागद ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, सावकाश ओढावा. फाटल्यास सर्व तुकडे जुळवून पान पूर्ण होते का ते पाहावे. बोटाच्या पेराएवढा तुकडा आत राहिला, तरी कागदाची चाहूल घेणारी लहान तरफ दबलेली राहते आणि यंत्र कागद अडकल्याचा संदेश देत राहते. आत हात घालताना शाई सोडणाऱ्या सरकत्या डोक्यामागे (प्रिंट हेडमागे) आडवी ताणलेली पारदर्शक पट्टी असते, तिला स्पर्श करू नये. तिच्यावरील सूक्ष्म रेषा वाचूनच डोक्याची जागा ठरते. आणि आपला प्रिंटर टाक्यांचा असल्याने तुकडा पडावा म्हणून तो उलटा करून हलवू नये, शाई सांडेल.

कागदविक्रेती (साताऱ्याहून)

आपण पाठकोरे कागद वापरता हे वाचून आनंदही झाला आणि कारणही सापडले असे वाटले. ज्या कागदाच्या एका बाजूवर आधी शाई बसली आहे, त्या बाजूचे तंतू ओले होऊन फुगलेले आणि पुन्हा आकसलेले असतात. लेझर प्रिंटरवर छापलेला असेल तर तो उष्णतेने आधीच वळलेला असतो. असे निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या यंत्रांवर छापलेले कागद एका गठ्ठ्यात आले की प्रत्येकाचा बाक वेगळा पडतो. त्यात कोकणातली हवा. छपाईचा कागद ४० ते ६० टक्के आर्द्रतेत नीट वागतो. आपल्याकडे आषाढात ती त्याच्या बरीच वर असते.

रीमचे वेष्टन ओल अडवण्यासाठी असते, म्हणून ते फाडून फेकू नये. लागतील तेवढे कागद काढून उरलेले वेष्टनात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात आडवे ठेवावेत. ट्रेमध्ये रात्रभर कागद उभे ठेवू नयेत, कारण ते खालच्या कडेशी वाकतात. ट्रेची क्षमता शंभर कागदांची असली तरी पावसाळ्यात एका वेळी पंधरा-वीसच घालावेत, ते आधी फडफडवून मोकळे करावेत, आणि कडेची सरकपट्टी कागदाला नुसती टेकेल इतकीच आणावी. ती सैल राहिली तर कागद तिरका जातो, आवळली तर अडकतो.

कागदाच्या जाडीबद्दल एक सोपी खूण सांगते. १६ ए-४ पाने म्हणजे जवळपास एक चौरस मीटर, म्हणून ७५ जीएसएमच्या (म्हणजे एका चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाच्या) ५०० पानांचे वजन सुमारे २.३४ किलो भरते आणि ७० जीएसएमचे सुमारे २.१९ किलो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रीम ठेवले की वेष्टनावरचा आकडा कितपत खरा ते समजते. अर्थात कागद ओल पितो, त्यामुळे थोडा फरक सोडून द्यावा.

निवृत्त शिक्षक (चिपळूण)

सर्वांचा आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे प्रयोग केला. नव्या रीममधले दहा कागद घातले असता आठ एकेक करून गेले, दोन वेळा रोलर घसरला, परंतु दोन कागद एकत्र एकदाही आले नाहीत. रोलर पुसल्यावर कापड राखाडी झाले. नंतर वीस पैकी वीस कागद गेले. तिरकेपणा मात्र कायम होता, म्हणून विजेरी धरून ट्रेच्या तळाशी पाहिले, तेव्हा डाव्या बाजूला पॅडलगत स्टेपलरची एक वाकलेली पिन अडकलेली दिसली. ती माझ्याच जुन्या चाचण्यांच्या गठ्ठ्यातून आली असणार. चिमट्याने काढल्यावर समास सरळ झाला.

एक शंका उरते. पाठकोऱ्यांचा मोठा गठ्ठा अजून शिल्लक आहे. तो दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर वापरला तर चालेल का?

कागदविक्रेती (साताऱ्याहून)

चालेल, पण निवडून. ज्यांना पिनची भोके, दुमडलेले कोपरे किंवा चुरगळ आहे ते बाजूला काढून मुलांना कच्च्या कामाला द्यावेत. उरलेले सपाट कागद जड पुस्तकांखाली आठवडाभर दाबून ठेवावेत आणि एका वेळी पाच-सहाच घालावेत. नवे आणि पाठकोरे मात्र एका गठ्ठ्यात मिसळू नयेत.