ट्रूब्रिज सुटला, पण संपला का?

पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश रिअर अ‍ॅडमिरल अर्नेस्ट ट्रूब्रिज याच्याबद्दल 'कोर्ट मार्शलमध्ये सुटला, पण करिअर संपलं' असं म्हटलं जातं; ते मला अर्धंच पटलं. समुद्रावरचं संपलं, हे खरं. ७ ऑगस्ट १९१४ ला पहाटे त्याने भूमध्य समुद्रात 'गोबेन' या जर्मन युद्धनौकेचा पाठलाग सोडला, कारण त्याच्या चारही क्रूझरांच्या तोफा गोबेनच्या अकरा इंची तोफांपुढे पल्ल्यात कमी पडत होत्या आणि 'वरचढ शत्रूशी भिडू नका' असा हुकूमही हातात होता. मला तरी यात भित्रेपणा दिसत नाही. माघार घ्यायचा सल्ला त्याच्याच फ्लॅग-कॅप्टन (त्याच्या मुख्य जहाजाचा कप्तान) रे याचा होता, हेही विसरू नये.

सहसा कुणी न लिहिलेली गोष्ट म्हणजे या माघारीवरून चाललेल्या खटल्याची वेळ. चिलीच्या किनाऱ्याजवळ कोरोनेलच्या लढाईत ब्रिटिश अ‍ॅडमिरल क्रॅडॉक वरचढ जर्मन ताफ्याशी भिडून दोन क्रूझर आणि सोळाशेच्या आसपास माणसांसह बुडाला तो १ नोव्हेंबरला. ती बातमी लंडनला पोचली ४ तारखेला, आणि ५ तारखेला पोर्टलंडला 'बुलवर्क' जहाजावर ट्रूब्रिजची सुनावणी सुरू! एकाने लढाई टाळली म्हणून खटला, दुसरा हरणारी लढाई लढून गेला. (तेच बुलवर्क त्याच महिन्याच्या २६ तारखेला शीअरनेसजवळ नांगरलेलं असतानाच स्फोटात उडालं.)

पुढे काय, तर १९१५ मध्ये हा समुद्रावरचा माणूस सर्बियात पोचला. बेलग्रेडला डॅन्यूबवर नौदलाच्या तोफा, सुरुंग, टॉर्पेडो मांडून बसला आणि सर्बियन सैन्याच्या माघारीतही सोबत राहिला. युद्धानंतर तो पूर्ण अ‍ॅडमिरल झाला, डॅन्यूब नदीवरच्या वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा अध्यक्षही. जहाज मात्र परत मिळालं नाही. नदी मिळाली.