मदत हवी आहे: बुद्धिबळात रॅपिडमधून क्लासिकलकडे जाताना वेळेची सवय कशी लावावी?

नमस्कार मंडळी. माझी मुलगी आतापर्यंत रॅपिड (कमी वेळेच्या) स्पर्धाच खेळली आहे, बहुतेक प्रत्येकी १५ मिनिटं अधिक दर चालीला १० सेकंदांच्या. आता पहिली क्लासिकल (लांब वेळेची) रेटिंग स्पर्धा आहे: प्रत्येकी ९० मिनिटं आणि पहिल्या चालीपासून दर चालीला ३० सेकंद. म्हणजे ६० चालींचा डाव चार तासांपर्यंत जाऊ शकतो. ती मात्र पटापट खेळते. शिवाय ३० सेकंदांची वाढ असल्याने शेवटच्या पाच मिनिटांतही चाली लिहाव्याच लागतात, आणि रॅपिडमध्ये तिने कधीच लिहिल्या नाहीत. याचीच मला जास्त काळजी वाटते.

तुम्ही मुलांना लांब डावाची सवय कशी लावलीत? घरी पूर्ण वेळेचे सराव डाव खेळवता का? दिवसाला दोन फेऱ्या असतील तर मधल्या वेळात काय करता?