अनुभव धागा: घरची वैरण, गवताची आणि द्विदलाची

दोन-चार जनावरांच्या गोठ्यात सगळ्यात जास्त पैसा खातं ते खाद्य. म्हणून विचारते आहे, तुम्ही घरची वैरण कशी उभी केलीत? फसलेलं आधी लिहा, त्याचाच जास्त उपयोग होतो. सुरुवात माझ्यापासून.

आम्ही नुसतं नेपियर गवत लावलं होतं. पुरुषभर वाढलं की मन भरून यायचं, मग कापायचो. गाई पाला ओरबाडून खायच्या आणि दांडे गव्हाणीत तसेच. पहिली कापणी अडीच महिन्यांच्या आत आणि पुढच्या साधारण 45 दिवसांनी घ्यायला लागल्यावर गव्हाण रिकामी दिसू लागली.

*

ताई, आमचंही तेच झालं. पण वेळेवर कापूनही दूध फारसं वाढेना. कोरड्या वजनावर नेपियरमध्ये प्रथिनं 8-10 टक्के, लसूणघास या द्विदल चाऱ्यात 18-20च्या घरात. आता दोन भाग गवत आणि एक भाग लसूणघास अशी कुट्टी देतो. पेंड कमी झाली.

मात्र एकदा पहाटे दवाने ओला घास उपाशी गाईपुढे टाकला. तासाभरात डावी भकाळी (बरगड्यांमागची कूस) नगाऱ्यासारखी ताणली, तिला श्वास घेता येईना. डॉक्टर वेळेत पोचले म्हणून वाचली. तेव्हापासून आधी सुकी वैरण, मग सुकवलेला घास. घरातल्या प्रत्येकाला हे पाठ आहे.

*

लसूणघासाचं बी नीट बघून घ्या. माझ्याकडे त्यातून अमरवेल आली, दुसऱ्या झाडांचा रस शोषून जगणारी. पिवळे दोरे हाताने ओढत बसलो, तुटलेल्या तुकड्यांनी दुसरी झाडं धरली. शेवटी तेवढे पट्टे पिकासकट कापून जाळले.

*

मी मक्यात चवळी घेते. चवळीचं रोप उपटून मुळावरची गाठ नखाने फोडून बघा. आत गुलाबी असेल तर ती हवेतला नत्र धरते आहे. कणसातले दाणे चिकात आले की दोन्हींचा एकत्र मुरघास, म्हणजे खड्ड्यात हवाबंद दाबून मुरवलेला हिरवा चारा. पहिल्या वर्षी खड्ड्याचा एक कोपरा नीट तुडवला नव्हता, हवा राहिली आणि तेवढ्या भागात बुरशी आली. टाकून दिला.

*

पावसाने ताण दिलेली, गुडघाभर ज्वारी आमच्या कालवडीने दावं तोडून खाल्ली. कोवळ्या ज्वारीतल्या विषाबद्दल ऐकून होतो, पण धावत पोचेपर्यंत ती आडवी झाली होती. ज्वारी फुलोऱ्यात येईपर्यंत आता त्या बांधाने जनावर नेत नाही.