मदत हवी आहे: ग्रीन कार्डवर असताना ज्युरी ड्यूटीचं समन्स आलंय

मेधा_जर्सी

न्यू जर्सीत राहतो. एकाच आठवड्यात दोन लिफाफे आलेत. नवऱ्याच्या नावे काउंटीच्या कोर्टाचं ज्युरी समन्स (खटल्यात पंच म्हणून बसायचं बोलावणं) आणि सासूबाईंच्या नावे फेडरल, म्हणजे केंद्रीय, डिस्ट्रिक्ट कोर्टाची ज्युरीसाठीची प्रश्नावली. दोघंही ग्रीन कार्डवर, पासपोर्ट भारतीय. सासूबाई ७६ वर्षांच्या, इंग्रजी वाचता येत नाही, गाडी चालवत नाहीत, फक्त राज्याचं आयडी कार्ड आहे.

प्रश्न असे: नागरिकच नाहीत तर उत्तर द्यायचं की कागद सरळ फेकायचा? सासूबाईंसाठी वयाच्या सवलतीवर खूण करून मोकळं व्हावं का? त्यांचा फॉर्म मी भरला तर चालेल का? आणि याचा पुढे नागरिकत्वाच्या अर्जावर काही परिणाम होतो का?

कलमकसाई

फेकू नका. नागरिक नसलेला माणूस ज्युरीला अपात्र असतो, पण तो अपात्र आहे हे कोर्टाला कळवल्याशिवाय कळत नाही. उत्तर आलं नाही की कोर्टाच्या लेखी तो नुसता गैरहजर. फेडरल कोर्टात सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिल्यास १,००० डॉलरपर्यंत दंड, ३ दिवसांपर्यंत कैद, समाजसेवा, किंवा यांतलं एकत्र काहीही होऊ शकतं. प्रत्यक्षात आधी आठवणीचं पत्र येतं, मग कारण दाखवायला बोलावतात. पण ग्रीन कार्डवाल्याने तिथपर्यंत जावंच कशाला?

फेडरल पात्रता १९६८ च्या ज्युरी कायद्याने ठरते: अमेरिकेचा नागरिक, वय १८ पूर्ण, त्या डिस्ट्रिक्टमध्ये वर्षभर वास्तव्य, फॉर्म भरण्याइतकं इंग्रजी लिहिता-वाचता आणि बोलता येणं, काम निभावेल इतपत प्रकृती, आणि गंभीर गुन्ह्याचा खटला किंवा शिक्षा नसणं. न्यू जर्सीचे निकष तपशिलात वेगळे असले तरी नागरिकत्वाची अट तिथेही आहेच.

आता वयाची सवलत. हा मोह टाळा. बऱ्याच फेडरल कोर्टांत ७० वर्षांवरच्यांना मागितल्यास सूट मिळते, न्यू जर्सीच्या कोर्टांत ७५ नंतर. पण सूट मागायची ती पात्र माणसाने. नागरिकत्वाचा रकाना कोरा ठेवून किंवा तिथे ‘यस’ करून वयावर सुटका मागितली, तर कागदावर अर्थ निघतो की बाई नागरिक आहेत, फक्त म्हाताऱ्या आहेत. खाली सही असते ती ‘खोटं असल्यास शपथभंगाच्या शिक्षेस पात्र’ या ओळीखाली. तेव्हा नागरिकत्वाला ‘नो’, बाकी प्रश्नांची खरी उत्तरं, आणि सूट वगैरे काही मागायची नाही.

जर्सीकर

कृतीचं सांगतो. फेडरल प्रश्नावली मिळाल्यापासून १० दिवसांत परत पाठवायची असते. काउंटीच्या समन्सवर मुदत छापलेली असेल ती पाहा. दोन्हीकडे ऑनलाइन भरता येतं, समन्सवरचा ज्युरर क्रमांक लागतो. ऑनलाइन भरलंत तर शेवटचं पुष्टीचं पान पीडीएफ करून ठेवा, नंतर ते पुन्हा उघडेलच असं नाही.

कागदावर पाठवणार असाल तर आधी दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढा आणि सर्टिफाइड मेलने पोचपावतीसह पाठवा. सोबत चार ओळींचं पत्र जोडायला हरकत नाही: ज्युरर क्रमांक, नाव, ‘मी अमेरिकेची नागरिक नाही, भारताची नागरिक असून इथे कायम रहिवासी आहे’, तारीख, सही. पुरावा मागितला असेल तरच ग्रीन कार्डच्या पुढच्या बाजूची झेरॉक्स लावा. मूळ कार्ड कधीच नाही. न मागितलेला सोशल सिक्युरिटी नंबरही लिहायचा नाही.

उत्तर पाठवलं म्हणजे हजेरीची तारीख आपोआप रद्द झाली असं धरून चालू नका. तारखेच्या आदल्या आठवड्यात ज्युरी ऑफिसला फोन करून नाव ‘अपात्र’ म्हणून काढलंय ना ते विचारा. इथे लोक हमखास चुकतात.

सासूबाईंचा फॉर्म तुम्ही भरू शकता. फेडरल कायदाच म्हणतो की स्वतः भरता येत नसेल तर दुसऱ्याने भरावा, मात्र कोणी आणि का भरला ते त्यावर नोंदवावं. प्रत्येक प्रश्न त्यांना मराठीत वाचून दाखवा आणि उत्तर त्यांच्या तोंडून घ्या. त्यांच्या नावाची सही तुम्ही ठोकायची नाही.

निशिगंध

एक शंका. मतदार नसताना नाव गेलंच कसं ज्युरीच्या यादीत?

कलमकसाई

यादी फक्त मतदारांची नसते म्हणून. न्यू जर्सीची राज्य कोर्टं मतदार, वाहन परवानाधारक आणि राज्याचा आयकर भरणारे अशा याद्या एकत्र करतात. कॅलिफोर्नियाने २०२२ पासून करदात्यांची यादी जोडली. म्हणजे एच-वन-बीवरच्या, नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरच्या, माणसालाही समन्स येतं आणि त्यात त्याचा काही दोष नसतो. मेधाताईंच्या यजमानांचं नाव परवान्यावरून किंवा टॅक्सवरून आलं असणार, तिथे काळजीचं कारण दिसत नाही.

सासूबाईंचं मात्र मला खटकलं. फेडरल कोर्टाची यादी मुळात मतदार यादीवर उभी असते, प्रत्येक डिस्ट्रिक्ट आपल्या योजनेनुसार तिला वाहन खात्याची वगैरे जोड देतो. आयडी कार्डावरून नाव आलेलं असू शकतं. पण गाडी न चालवणाऱ्या बाईंचं नाव फेडरल यादीत असेल, तर आज रात्रीच राज्याच्या निवडणूक विभागाच्या संकेतस्थळावर मतदार शोध करा. दोघांचाही.

सॅनहोजेचा_शाम्या

थोडं अवांतर: कॅलिफोर्नियात २०१३ साली ग्रीन कार्डवाल्यांना ज्युरीत बसू द्यायचं विधेयक विधिमंडळाने मंजूर केलं होतं. गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी नकाराधिकार वापरला. मतदानाप्रमाणे हेही नागरिकांचंच काम, असं त्यांचं म्हणणं. वकील ग्रीन कार्डवर चालतो, ज्युरर नाही. असो.

दुसरं, फसवणूक. ‘तुम्ही ज्युरीला आला नाहीत, वॉरंट निघालंय, गिफ्ट कार्डाने किंवा क्रिप्टोने दंड भरा’ असे फोन सर्रास येतात. खरं कोर्ट फोनवर पैसे किंवा सोशल सिक्युरिटी नंबर मागत नाही. फोन करायचाच तर कोर्टाच्या संकेतस्थळावरून नंबर काढून करा, आलेल्या नंबरावर उलट फोन नको.

मेधा_जर्सी

सगळ्यांचे आभार. नवऱ्याचं नाव मतदार यादीत नाही. सासूबाईंचं आहे, ‘ॲक्टिव्ह’ दाखवतंय. त्यांनी कधीच मतदान केलेलं नाही. आयडीचं नूतनीकरण तीन वर्षांपूर्वी झालं होतं, तिथे स्क्रीनवर काय विचारलं ते त्यांना आठवत नाही. आता काय करू?

कलमकसाई

आता ज्युरीचा प्रश्न दुय्यम झाला. क्रम महत्त्वाचा आहे, तो मोडू नका.

प्रश्नावलीला ‘नो’ हेच उत्तर, आणि मुदतीतच. यादीत नाव आहे म्हणून तिथे ‘यस’ लिहून दोन्हीकडे मेळ घालायची कल्पना कुणाच्या डोक्यात आली तर ती तिथेच गाडा. पोस्टाने मतपत्रिका घरी आली तर भरायची नाही, परत पाठवायची नाही. फाडूही नका, पाकिटासकट ठेवा. नागरिक नसताना फेडरल निवडणुकीत मत देणं हा वेगळा गुन्हा आहे, वर्षापर्यंत कैद.

नाव रद्द करायचं पत्र मात्र घाईने पाठवू नका. आधी इमिग्रेशन वकील, तोही याच आठवड्यात. कारण त्या पत्रातला एकेक शब्द पुढे वाचला जाणार. ‘चुकून नोंदणी केली’ आणि ‘नोंदणी झाल्याचं आढळलं’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे.

वकिलाला भेटण्याआधी किंवा सोबतच काउंटीकडे मतदार नोंदणीच्या मूळ अर्जाची प्रत मागा आणि वाहन खात्याकडे त्या दिवसाच्या व्यवहाराची नोंद. १९९३ च्या कायद्याने परवाना-आयडीच्या खिडकीवर मतदार नोंदणी आली आणि न्यू जर्सीत २०१८ पासून ती आपोआप व्हायला लागली, नको असेल तर ‘नको’ म्हणायचं. त्यामुळे सगळं एका मुद्द्यावर येतं: नागरिकत्वाच्या चौकटीवर खूण त्यांनी केली, दुसऱ्या कुणी केली, की ती कोरीच होती? दाखवलेला पुरावा भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड असेल तर तेही नोंदीत दिसायला हवं.

इतकं का सांगतोय? ३० सप्टेंबर १९९६ पासून नागरिकत्वाचा खोटा दावा हे देशाबाहेर काढायचं स्वतंत्र कारण आहे. त्याला माफीची वाट जवळपास नाही. अपवाद आहे तो अगदी चिंचोळा: दोन्ही पालक नागरिक, स्वतः सोळाच्या आधीपासून इथे कायम वास्तव्य, आणि आपण नागरिक आहोत असा रास्त समज. तो सासूबाईंना लागू नाही. बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सने (इमिग्रेशन खटल्यांची अपिलं ऐकणारं मंडळ) २०१९ मध्ये असंही म्हटलं की हद्दपारीच्या कलमाखाली दावा जाणूनबुजून केल्याचं सिद्ध करायची गरज नाही. म्हणून ‘इंग्रजी कळत नव्हतं’ एवढ्याने भागत नाही. दावा झालाच नव्हता, हे कागदाने दाखवता आलं तर उत्तम.

निशिगंध

आणि कुणी ज्युरीच्या फॉर्मवरच चुकून ‘यस’ करून पाठवून बसलं असेल तर?

कलमकसाई

तर कोणी विचारायच्या आत, स्वतःहून, लेखी दुरुस्ती. वेळेत आणि आपणहून मागे घेतलेला दावा इमिग्रेशन खातं विचारात घेतं, पण खोटं उघडं पडल्यावर किंवा पडणार असं दिसल्यावर केलेली दुरुस्ती त्यात धरत नाहीत. शिवाय दावा एखाद्या ‘हेतूसाठी किंवा लाभासाठी’ असावा लागतो, आणि ज्युरीचं काम हा लाभ की ओझं यावर वकील वाद घालू शकतो. दुरुस्तीच्या पत्राऐवजी या वादावर विसंबू नये.

जर्सीकर

मेधाताईंचा शेवटचा प्रश्न राहिला. नागरिकत्वाच्या अर्जात, म्हणजे एन-४०० मध्ये, ‘कधी नागरिक असल्याचा दावा केलात का’ आणि ‘कधी मतदार नोंदणी किंवा मतदान केलंत का’ हे विचारतातच. यजमानांच्या बाबतीत ज्युरीला ‘नो’ म्हटल्याचा तोटा शून्य, उलट ती प्रत फाइलमध्ये असलेली बरी. सासूबाईंचं उत्तर वकिलाच्या स्पष्टीकरणासकट जाईल. लपेल या भरवशावर तर अजिबात राहू नका: नागरिकत्व पडताळायच्या फेडरल ‘सेव्ह’ प्रणालीत २०२५ पासून राज्यांना मतदार याद्या सोशल सिक्युरिटी नंबराने घाऊक तपासता येतात. काही राज्यांत, उदाहरणार्थ टेक्सासात, ज्युरीच्या फॉर्मवर ‘नागरिक नाही’ म्हणणाऱ्यांची नावं मतदार नोंदणीकडे कळवली जातात. तिथे ‘नो’ खरंच लिहायचं, पण मतदार यादीतलं आपलं नाव आधी तपासून.

सासूबाईंचं भारताचं तिकीट काढलेलं आहे का? असेल तर वकिलाशी बोलेपर्यंत निघू नका. परत येताना विमानतळावर हीच चौकशी होऊ शकते.

मेधा_जर्सी

तिकीट जानेवारीचं आहे, पुढे ढकलते. नवऱ्याचा फॉर्म ऑनलाइन गेला, पुष्टीचं पान ठेवलंय. सासूबाईंचा कागदावर भरतेय. एकच विचारायचं: त्या देवनागरीत सही करतात, चालेल ना?

जर्सीकर

चालेल. पासपोर्टवर जशी आहे तशीच करू द्या, आणि तुमचं नाव व नातं खालच्या ‘दुसऱ्याने भरला असल्यास’ या जागेत लिहा.