फेरेटची कोवळ्या वयातली नसबंदी: सोय कुणाची?

खारूताई (न्यू जर्सी): इथे दुकानातलं फेरेट (मुंगसासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी) नसबंदी होऊनच, म्हणजे जननग्रंथी काढूनच, घरी येतं, तीही बहुतेकदा पाच-सहा आठवड्यांचं असताना. तीन-चार वर्षांनी शेपटीपासून केस गळू लागतात, अंग खाजतं, नसबंदी झालेल्या मादीचं योनिमुख सुजतं. जननग्रंथी काढल्या की मेंदूला ‘पुरे’ म्हणणारं कुणी उरत नाही. एलएच, म्हणजे जननग्रंथींना कामाला लावणारं मेंदूकडचं हार्मोन, चढलेलंच राहतं आणि मूत्रपिंडाजवळच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीला डिवचत बसतं. मग तीच सेक्स हार्मोन्स बनवते, वाढते, पुढे गाठ. माझ्या मते ही शस्त्रक्रिया बंद करून डेस्लोरेलिनचं इम्प्लांट बसवावं: कातडीखाली ठेवायची, काही काळ एलएच दाबून ठेवणारी औषधाची कांडी.

कृष्णाकाठ (टेक्सस): बोलायला काय जातंय! नर भेटला नाही तर फेरेटच्या मादीचा माज महिनोन् महिने उतरत नाही. इस्ट्रोजेनमुळे अस्थिमज्जा रक्त बनवणं थांबवते आणि मादी दगावते. शिवाय अमेरिकेत ते इम्प्लांट अ‍ॅड्रिनलचा आजार असलेल्या फेरेटसाठी आहे, नसबंदीला पर्याय म्हणून नाही.

खारूताई: म्हणजे आधी आजार होऊ द्यायचा, मग औषध? वा!

कृष्णाकाठ: नियम मी केलेला नाही, ताई. हौसेनं पिल्लू उचलणारे लोक इम्प्लांटची तारीख पाळतील, यावर तुमचा विश्वास आहे का?

लेस्टरकर (इंग्लंड): नुसतं ‘कोवळं वय’ धरून बसू नका. नेदरलँड्समधल्या २००० सालच्या अभ्यासात नसबंदी आणि आजार यांत साधारण साडेतीन वर्षांचं अंतर दिसलं. म्हणजे उशिरा केलीत तर आजारही उशिरा, इतकंच. आमच्याकडे काही जण व्हॅसेक्टमी केलेला (ग्रंथी शाबूत, फक्त वीर्यनलिका कापलेली) नर ठेवून, पिल्लं न होता समागमानं मादीचा माज उतरवतात. आणि रात्री अकरापर्यंत दिवे जळतात त्याचं काय? उजेड लांबला की मेलॅटोनिन, म्हणजे अंधारात स्रवणारं हार्मोन, घटतं, हार्मोन्सचा हंगाम संपतच नाही.

खारूताई: लेस्टरकर, मग तर मुद्दा आणखी पक्का झाला! वय नव्हे, ग्रंथी काढणंच मुळाशी आहे. आजार झाल्यावर ऑपरेशन करावं, तर उजवी अ‍ॅड्रिनल मोठ्या शिरेला चिकटलेली. भले भले सर्जन कचरतात.

कृष्णाकाठ: मादीबाबत मी हटणार नाही. नराचं मान्य करतो. त्याच्या जिवाला माजाचा तसा धोका नाही. नसबंदी होते ती वास आणि मारामाऱ्या टाळायला. उलट अ‍ॅड्रिनल बिघडली की प्रोस्टेट फुगून लघवी अडते, तेव्हा त्याच रात्री व्हेट गाठावा लागतो. नरांना इम्प्लांट द्यायची मुभा मागणारा अर्ज कुणी लिहीत असेल, तर माझीही सही घ्या.