‘पाट लावणे’ : अर्थ आणि वापर

प्रश्न : आमच्या घरच्या जुन्या वाटणीपत्रात एका पणजीचा उल्लेख ‘पाटाची बायको’ असा आला आहे. घरातील मंडळी त्याचा अर्थ ‘ठेवलेली बाई’ असा सांगतात. तो बरोबर आहे का? सरळ ‘पुनर्विवाह’ असे का लिहिले नसावे?

उत्तर : तो अर्थ चुकीचा आहे. विधवेने किंवा काडीमोड झालेल्या स्त्रीने जातीच्या रूढीप्रमाणे केलेला दुसरा विवाह म्हणजे पाट. त्यालाच मोहतूर असेही म्हणत. मराठेशाहीत त्यावर ‘पाटदाम’ नावाचा कर होता, म्हणजे सरकारदरबारीही तो विवाहच होता. मान मात्र कमी. पुरुषाने दुसऱ्यांदा केले तरी ते लग्नच, फार तर त्याला दुजवर म्हणत. बाईच्या बाबतीत ‘लग्न’ हा शब्द पहिल्या विवाहापुरता राखलेला, आणि पाटाचा विधी बहुधा रात्री, सुवासिनींना दूर ठेवून उरकला जाई. अविवाहित पुरुषाला विधवेशी पाट लावायचा असेल, तर आधी त्याचे रुईशी लग्न लावण्याची चाल काही जातींत होती. झाडाशी झाले ते लग्न आणि बाईशी झाला तो पाट!

‘पुनर्विवाह’ हा शब्द रुळला तो ज्या जातींत पाट नव्हता, त्यांच्यातील सुधारकांमुळे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी बालविधवा गोदूबाईंशी विवाह केला, त्याला पाट म्हटलेले माझ्या वाचनात नाही. गोष्ट तीच, पण शब्द जातीप्रमाणे बदलला.

पुरवणी : शेजारच्या भाषांतही हा भेद आहे. गुजरातीत नातरुं, राजस्थानात नाता, हरियाणा-पंजाबात करेवा. करेव्यात विधवेवर चादर घालीत, आणि नवरा बहुधा दीरच असे, त्यामुळे जमीन घरातच राही. उर्दूतील ‘अक्द-ए-सानी’ याचा अर्थ मात्र नुसता ‘दुसरा विवाह’ असा आहे आणि तो स्त्री-पुरुष दोघांनाही लागू पडतो. विधवेला त्याआधी चार महिने दहा दिवसांची इद्दत, म्हणजे थांबण्याची मुदत, पाळावी लागते, एवढेच.

मूळ प्रश्नकर्त्यांनी वाटणीपत्रात या पणजींच्या मुलांना हिस्सा दिला आहे का, ते पाहावे. पाटाची संतती औरस मानली जात असल्यामुळे तो दिलेला असण्याचा संभव आहे.